केळीच्या खोक्यातली हाडं

पारोळ्याच्या अलीकडे एस.टी.नं गतिरोधकावरून अशी उडी मारली, की माझा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला, मांडीवरचं पुस्तक मिटलं आणि पुढच्या बाकाखालून एक लांबट, पिवळट वस्तू घरंगळत येऊन माझ्या चपलेला टेकली.

मी खाली पाहिलं. मांडीचं हाड होतं. माणसाचं.

मी ओरडले नाही. ओरडायला श्वास लागतो आणि तो तेव्हा माझ्यापाशी नव्हता. मी फक्त दोन्ही पाय उचलून बाकावर घेतले. ओरडण्याचं काम शेजारच्या बाईंनी केलं.

"ओ माय! कोनले मारीसन लई चालना रे भो?"

पुढच्या बाकावरचा उंच, सावळा मुलगा घाईघाईनं उठला. त्याच्या पायाशी केळीचं पुठ्ठ्याचं खोकं होतं आणि त्याचा तळ फाटला होता. कंडक्टर तिकिटाचं मशीन सावरत आले.

"हाई काय शे? मनी गाडीमा हाडकं? बठ्ठा लोके घाबरी ग्यात ना!"

"कॉलेजची आहेत, भाऊ. अभ्यासाची. शिरपूरच्या सीनियरकडून आणली," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, "जरा उचलून देता का?"

"नाही."

"चावत नाही ते."

"मला माहितीये ते काय आहे!" भीती वाटली की मी पाठांतर म्हणते, ही माझी लहानपणापासूनची खोड. पूर्वी नवकार मंत्र म्हणायचे. वर्षभरापासून हाडं म्हणते. "फीमर. शरीरातलं सगळ्यात लांब हाड. वरचा गोळा आतल्या बाजूला वळलेला, मागे उभी धार... आणि हा डावा आहे."

"उजवा," तो म्हणाला.

"डावा!"

"उजवा आहे हो. डोळे मिटून सांगीन मी."

मी पाय बाकावर घेऊन, चष्मा वाकडा, चारचौघांत एका अनोळखी मुलाशी भांडत होते. शेवटी कंडक्टरच वैतागले. "डावा का उजवा ते जळगावले जाईसन ठरावा. पह्यले ते खोकामा टाका!"

शेजारच्या बाई दोन बाक मागे जाऊन बसल्या. माझ्या शेजारची जागा रिकामी झाली. पण तो तिथे बसला नाही. आपल्याच बाकावर मागे तोंड करून, माझ्या समोर बसला.

"पुरवणी परीक्षा?" त्यानं माझ्या पुस्तकाकडे बघत विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"नापासाला नापास ओळखू येतो," तो म्हणाला आणि इतका मोकळा हसला की मलाही हसू आलं असतं... पण हाड अजून त्याच्या हातात होतं.

मी माझं नाव सांगितलं, जिनल. त्याचं चंदन नेहेते. मुक्ताईनगरकडच्या एका गावचा, घरी केळीच्या बागा. जळगावच्या ज्या फिजिओथेरपी कॉलेजात मी होते, तिथेच तो माझ्याआधी एक वर्ष होता. शरीररचनेत आपटला, वर्षभर घरी बसला आणि आता परत आला होता. एरंडोल येईपर्यंत त्यानं आपलं नापास होणं रंगवून सांगितलं.

"दहा हाडं दिली ओळखायला. दहाही ओळखली. पण डावं की उजवं, ते दहाही चुकलं. परीक्षक म्हणाले, अरे, डोळे झाकून ठोकून दिलं असतंस तरी पाच बरोबर आली असती!"

"आणि तुम्ही सांगताय हा उजवा!"

"मग तुम्ही कशा नापास झालात, एवढं सगळं येतं तर?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. कापसाची वाळकी रानं मागे पळत होती. खोटं सांगता आलं असतं. का कोण जाणे, खरं सांगितलं.

"मला हाडाला हात लावता येत नाही."

परीक्षेत समोर ट्रे होता. परीक्षक बाई म्हणाल्या, उचला. मी हात मागे बांधून सगळं घडाघडा म्हटलं, कुठला स्नायू कुठे चिकटतो तेही. त्या परत म्हणाल्या, उचला. तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काळोख आला आणि शुद्धीवर आले तेव्हा कुणीतरी माझ्या तोंडावर पाणी मारत होतं. बाई शांतपणे एवढंच म्हणाल्या, "रुग्णाला लांबूनच बरं करणार आहात का?"

धुळ्यात आग्रा रोडला आमचं कापडाचं दुकान आहे. पप्पा, निर्मलकुमार, रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बेटा, आणखी एक संधी घे. नाही जमलं तर मनाला लावून घेऊ नकोस. घरी ये, बी.कॉम. कर, दुकान आपलंच आहे." त्यांनी प्रेमानं म्हटलं होतं. म्हणूनच जास्त भीती वाटली. दुकान वाईट नव्हतं, पण मला ते नको होतं. मला लोकांना चालतं करायचं होतं आणि माझ्यापाशी फक्त पाच आठवडे होते.

जळगावचं बसस्टँड आल्यावर चंदन म्हणाला, "सौदा करू. तुम्ही मला डावं-उजवं शिकवा. मी तुम्हाला हात लावायला शिकवतो."

"हाडाला," मी म्हणाले.

त्याचे कान लाल झाले. "हाडालाच म्हणालो मी."

---

हॉस्टेलवर हाडं चालत नव्हती, म्हणून आम्ही मेहरूण तलावावर बसायचो. थंडीचे दिवस होते. मी कठड्यावर, तो समोरच्या दगडावर, मध्ये केळीचं खोकं. फिरायला आलेले लोक आधी केळी समजून वाकून बघत आणि मग झपाझप पुढे जात.

पहिले चार दिवस मी खोक्याकडे नुसती बघत होते. तो एकेक हाड काढायचा, मी कठड्याच्या पार टोकाला सरकायचे.

"भीती नेमकी कशाची वाटते?" पाचव्या दिवशी त्यानं विचारलं. थट्टा न करता.

मी विचार केला. "हे कुणीतरी होतं... यानं कुणी चाललं असेल, जिना चढला असेल. आणि मी न विचारता हात लावणार. त्याला काय वाटेल?"

त्यानं हातातलं हाड खोक्यावर उन्हात ठेवलं. हसेल असं वाटलं होतं. हसला नाही.

"माझी आई हाडं बसवते," तो म्हणाला. "लोकांची, जिवंत. कुंदाबाई म्हटलं की कुणीही घर दाखवेल. मुरगळलेलं, निखळलेलं. मोडलेलं असलं तर हात लावत नाही, दवाखान्यात पाठवते. ती पण आधी विचारते. दुखऱ्या जागेवर तळहात ठेवते नि म्हणते, येऊ का? तुमच्यात असं काही म्हणत नाहीत?"

म्हणतात. संवत्सरीला आम्ही जैन सगळ्यांना म्हणतो, लहानांना, मोठ्यांना, नोकरांना, भांडलेल्यांना. मिच्छामि दुक्कडम्. कळत-नकळत दुखावलं असेल तर माफ कर.

मी खोक्याजवळ आले. हात जोडले. अगदी हळू म्हणाले. आणि डोळे मिटून बोट पुढे केलं... गार नव्हतं ते. उन्हात ठेवल्यामुळे कोमट होतं आणि वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी हलकं. मी रडायला लागले. चंदननं तोंड तलावाकडे फिरवलं आणि एका बगळ्याबद्दल काहीतरी निरर्थक बोलत राहिला, माझं रडून होईपर्यंत.

ते हासळीचं हाड होतं. आमच्या जतनबाई दादी गळ्यात चांदीची हांसली घालतात, ती जिथे टेकते तेच. "गोल टोक छातीकडे," तो सांगत होता, "चपटं टोक खांद्याकडे. खाली अंगठा फिरव, पन्हळ लागते का? आता स्वतःच्या गळ्याखाली बोट फिरव. तेच आहे. तुझ्यात पण आहे ते."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. म्हणजे माझ्या आलं होतं, मी बोलले नाही.

त्याला हात सगळं सांगत. नावांनी मात्र त्याची दाणादाण उडे. गुडघ्याची वाटी, नडगी, खवाटा, घोटा, हे आईचे शब्द त्याच्या तोंडी झरझर येत. पटेला, टिबिया, स्कॅप्युला म्हणताना अडखळे. मनगटातली आठ हाडं तर त्याला जन्मात पाठ होईनात. एक दिवस तो वही घेऊन आला, मान खाली घालून.

"पहिली अक्षरं जुळवलीत. स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म... ट्रॅपिझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. स, ल, ट, प, ट, ट, क, ह."

"वाच."

"सारखी लाजते, टाळते, पळते—" तो थांबला. कान पुन्हा लाल. "टकमक टकमक... कधी हसते?"

तलावावर वारा सुटला होता. मी वहीचं पान सारखं करत राहिले.

"हे कुणाबद्दल आहे?"

"मनगटाबद्दल."

"मनगट लाजतं?"

"काही काहींचं," तो म्हणाला. आणि मग लगेच, वर बघत, "सूर्य बुडायला वीस मिनिटं आहेत. जा, जेवून घे."

हे त्याचं रोजचं. मी सूर्यास्तानंतर जेवत नाही हे त्याला एकदाच सांगितलं होतं. त्यानंतर घड्याळ मी बघायचं सोडून दिलं. शिकवता शिकवता त्याचं लक्ष पश्चिमेकडे असे. कांदा-बटाटा मला चालत नाही म्हणून घरून येताना कच्च्या केळ्यांचा डबा आणायचा. आणि मला हळूहळू एक नवीच भीती वाटायला लागली. हाडांची गेली होती, ही तिच्या जागी येऊन बसली. हाडांच्या भीतीत निदान पाठांतर कामाला यायचं. हिला काही पाठ म्हणता येईना.

त्यात त्याचं डावं-उजवं तसंच. मी रोज शिकवे, तो रोज चुकवे, आणि दहाच्या दहा. पास झाले तर मी एकटीच होईन, हे मला दिसायला लागलं होतं. त्याची ही शेवटची संधी होती. तो गावी परत जाईल आणि सूर्य बुडतोय हे मला कोण सांगेल?

---

परीक्षेला आठ दिवस असताना पप्पांचा फोन आला.

"बेटा, माझा डावा खांदा वर जात नाही. कापडाचे ताके काढता येत नाहीत. एका गिऱ्हाइकानं सांगितलं, मुक्ताईनगरजवळ कुणी कुंदाबाई आहेत, हात गुणाचा आहे म्हणे. रविवारी जळगावला येतो, तू चल बरोबर."

कुंदाबाई. मी फोन दोन्ही हातांनी धरला. चंदनची आई.

रविवारी आम्ही पोचलो तेव्हा अंगणात दोन पाट समोरासमोर मांडलेले होते. कुंदाबाई ठेंगण्या, हात मात्र मोठे. त्यांनी पप्पांना समोर बसवलं. चंदन पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला, आम्ही येणार हे माहीत असूनही आम्हाला बघून जागच्या जागी थिजला आणि म्हणाला, "या काका." माझ्याकडे त्यानं बघितलंच नाही. मीही त्याच्याकडे बघितलं नाही. इतकं न बघणं कुणाच्याही लक्षात आलं असतं.

कुंदाबाईंनी खांद्यावर तळहात ठेवला. "येऊ का, भाऊ?" पप्पा गोंधळून हो म्हणाले. बाईंची बोटं खवाट्याच्या कडेनं फिरली, थांबली.

"उजवा जखडेल हाये."

"अहो बाई, डावा दुखतोय माझा!"

"मंग डावाच तं धरेल हाये मी. माह्या उजव्या हाताखाली आला तो उजवा. समोर बसेल मानसाचं आमी असंच म्हनतो. दुखते कुठी ते मानूस सांगतेच ना, नावानं काय फरक पडते?"

पप्पा हसले. मी मात्र चंदनकडे बघितलं, सगळी भीड विसरून. तोही माझ्याकडे बघत होता.

दहापैकी दहा चुका. तो चुकत नव्हताच कधी. त्याला दहाही बरोबर येत होती, फक्त तो प्रत्येक हाड समोर बसलेल्या माणसाच्या अंगात ठेवून बघत होता. हाड हातात आलं की ते स्वतःच्या अंगाशी धरून बाजू सांगायची, हे मी त्याला रोज सांगत होते आणि तो रोज माझ्यासमोर बसून, ते माझ्या अंगात बसवत होता!

कुंदाबाईंनी हात काढून घेतला. "मोडेल नही, निखळेल नही. हे माह्या हातचं काम नही, भाऊ. रोज थोडं थोडं हालवा लागीन, महिनोन्‌महिने. ते शिकेल मानसाचं काम." आणि माझ्याकडे हनुवटी करत, "तुमची पोर तेच शिकून र्‍हायली ना?"

पप्पांनी सदऱ्याची बाही खाली ओढली. चंदननं त्यांच्यापुढे पेला ठेवला. "उकळून गार केलेलं आहे, काका."

परतीच्या गाडीत भुसावळ मागे पडलं. मग खिडकीबाहेर बघत पप्पांनी विचारलं, "आपण उकळलेलं पाणी पितो, हे त्या मुलाला कुणी सांगितलं?"

मांडीवरच्या ओढणीची मी घडी घातली, मोडली, परत घातली.

पप्पांनीही परत विचारलं नाही. ते त्याहून वाईट होतं.

---

दुसऱ्या दिवशी तलावावर तो आला आणि सवयीनं समोरच्या दगडाकडे वळला.

"तिथे नको," मी म्हणाले. "इथे बस. शेजारी. माझं तोंड जिकडे, तुझं तोंड तिकडे."

तो कठड्यावर बसला, हातभर अंतर ठेवून. मी त्याच्या हातात हाड दिलं.

"आता कुणाच्या अंगात ठेवू नकोस. स्वतःच्या ठेव."

"...डावं."

"बरोबर. हे?"

"उजवं. हे पण उजवं. जिनल—" त्याचा आवाज बदलला. "बसमधलं ते मांडीचं हाड. तो डावाच होता."

"एवढ्या दिवसांनी कबूल!"

तो हसला नाही. "पण तिथे टेबलापलीकडे परीक्षक समोर बसणार. माझे हात आपोआप त्यांच्याकडे जातील. लहानपणापासूनची सवय आहे. घाबरलो की तेच होईल... मले भीती वाटते."

पहिल्यांदाच तो असं म्हणाला होता, आणि घरच्या बोलीत. आतापर्यंत घाबरण्याचं खातं माझ्याकडेच होतं. मला काय करावं कळेना. मी माझा हात कठड्यावर, आमच्या दोघांच्या मधे ठेवला. तो त्यानं धरला नाही. पण आपला त्याच्या शेजारी ठेवला, बोटभर अंतरावर.

"मी शेजारी बसलेय असं समज," मी म्हणाले.

परीक्षेचा दिवस. माझा नंबर आधी आला. त्याच बाई. तोच ट्रे, वर हिरवं कापड. त्यांनी मला ओळखलं, बहुधा, कारण पाण्याचा ग्लास आधीच माझ्या बाजूला सरकवला.

"उचला."

भीती गेली नव्हती. मी उगाच समजत होते की गेली. मी हात जोडले.

"काय पुटपुटलात?"

"माफी मागितली, मॅडम. त्यांची." मी ट्रेकडे बोट केलं.

बाईंनी कापड दूर केलं. मी हाड उचललं. हासळीचं होतं. अंगठा खाली फिरवला, पन्हळ लागली. मी ते स्वतःच्या गळ्याखाली धरलं. "क्लॅव्हिकल. डाव्या बाजूचं." पुढचं घडाघडा आलं, पण या वेळी हात मागे नव्हते. मनगटाची आठ हाडं विचारली तेव्हा मनात ती ओळ म्हटली आणि ओठ हलले, गाल तापले. बाई म्हणाल्या, "अभ्यास करताना मजा आलेली दिसतेय." मी मान खाली घातली.

बाहेर आले आणि दाराच्या काचेशी उभी राहिले. आत चंदन. माझी परीक्षा संपली होती आणि खरी भीती आत्ता सुरू झाली. बाई समोर बसलेल्या. त्यानं हाड उचललं आणि मला दिसलं, त्याचे हात हळूहळू पुढे जायला लागले. टेबलापलीकडे. बाईंच्या खांद्याकडे.

मी काचेवर कपाळ टेकवलं. नको, नको, नको.

तो थांबला. डोळे मिटले. आणि स्टुलावर एका बाजूला सरकला, अर्धं स्टूल रिकामं ठेवून. मग हाड स्वतःच्या खांद्याशी आणलं. त्याचे ओठ हलले. बाईंनी मान डोलावून कागदावर काहीतरी लिहिलं. दुसरं हाड. तिसरं. दहाव्या हाडापर्यंत तो तसाच बसला, पडेल की काय वाटावं इतका कडेला, डोळे मिटून.

---

निकाल लागला तेव्हा माघ संपत आला होता. मी पास. चंदन पास. मी आधी पप्पांना फोन केला.

पलीकडे दुकानात गलबला होता. "बरं झालं, बेटा," ते म्हणाले आणि त्यांचा आवाज जरा ओला होता. मग घसा खाकरून, "तू सांगितलेला व्यायाम करतोय. हात कानापर्यंत जातो आता. त्या बाईंना एकदा दाखवून यावं म्हणतो. पुढच्या रविवारी. येशील?"

"बाईंना?"

"हो, बाईंना," पप्पा म्हणाले. थोडं थांबून, "आणि त्या मुलाला सांग, या खेपेला पाणी उकळायची तसदी नको. आपण बरोबर नेऊ." पुन्हा थांबले. "किंवा राहू दे. उकळू दे."

मी फोन ठेवला. याचा अर्थ काय, मला नीट कळला नव्हता. अजूनही पूर्ण कळलाय असं म्हणणार नाही. केळीच्या बागेतला मुलगा आणि कापडाच्या दुकानातली मुलगी, मधे किती नातेवाईक, किती चातुर्मास, किती प्रश्न. मी भित्री आहे. सगळे प्रश्न मला एकदमच दिसले.

मेहरूणवर तो आधीच येऊन बसला होता. कठड्यावर. शेजारची जागा मोकळी ठेवून. खोकं नव्हतं. हाडं नव्या मुलांना देऊन आला होता.

"त्यांची माफी मागितलीस?" मी विचारलं.

"मागितली. आभार पण मानले." तो तलावाकडे बघत होता. "जिनल, एक सांगायचंय. पण मले..."

"मला पण," मी म्हणाले.

"तुला काय?"

"भीती वाटते."

"मग?"

"मग काही नाही. वाटू दे."

मी बसले. हातभर नाही, जवळ. आणि माझा हात उचलून त्याच्या मांडीवर ठेवला, तळवा वर करून. त्यानं आधी दोन्ही हात जोडले. तेच दोन शब्द म्हणाला, अगदी शुद्ध, कुठे शिकला कोण जाणे. मग माझं मनगट धरलं. त्याची बोटं गरम होती.

"कोणता हा?" मी विचारलं.

"उजवा," तो म्हणाला. चुकला नाही.

अंगठ्याच्या मुळापासून त्यानं एकेक हाड बोटानं दाबत मोजायला सुरुवात केली, ओठातल्या ओठात वहीतली ती ओळ म्हणत, आठांपैकी एकही न गाळता. शेवटच्या हाडापाशी बोट थांबलं, आणि तो माझ्याकडे बघत, उत्तराची वाट पाहत राहिला.

सूर्य बुडायला अजून वीस मिनिटं होती. मी हसले.